रिकाम्या जीपची चढण

पांढरी जीप चढ चढून माळावर पोचली आणि खाली उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी, नात्याने माझे चुलतदीर, नारळ हातात घेऊनच आले होते. गाडी मी परत खाली आणली तेव्हा ते म्हणाले, "झालं. हीच घ्यायची."

स्टिअरिंगवर मीच होते. पण मला आनंद होईना. चढताना आरशात मागची पायरी दिसत होती. तिच्यावर चार-पाच बाप्ये लोंबकळत उभे होते. आत बाकांवर आणखी तेवढेच बसले होते. आमच्याकडे नवी गाडी गावात आली की ट्रायल एकट्या ड्रायव्हरने घ्यायची पद्धत नाही. जो पाहील तो चढून बसतो.

पाथर्डीच्या डोंगरकडेला आमचं गाव. संस्था बायकांची. सकाळी रिकामे कॅन जीपमध्ये टाकायचे, वाटेतल्या वस्त्यांचं दूध भरून घ्यायचं आणि डांबरी रस्त्यावरच्या चिलिंग सेंटरला पोचवायचं, हे माझं काम. चिलिंग सेंटर म्हणजे दूध थंड करून ठेवण्याची जागा. ट्रॅक्टर मला मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, शिकवला होता. पुढे त्यांची कंबर कामातून गेली. त्याच सुमाराला संस्थेचा ड्रायव्हर साखर कारखान्यावर लागला आणि चेअरमन ताराकाकूंनी मला विचारलं. माझी शाळा चौथीपर्यंत, चारचौघांत तोंड उघडायची सवय नाही. गाडीत बोलावं लागत नाही म्हणून मी हो म्हटलं.

गावाबाहेर पडलं की लगेच चढ लागतो. वर माळावरची वस्ती. तिथून पलीकडच्या अंगाने उतरत उतरत बाकीच्या वस्त्या आणि मग डांबरी. दुसरी वाट नाही. म्हणजे चढताना माझे कॅन कायम रिकामे, भरायचे ते उतरताना.

चढ मुरमाचा, पण मधे एक पट्टा चिकणमातीचा. पाऊस झाला की तिथे जुनी जीप जागच्या जागी चाकं फिरवत बसायची. मग वस्तीवरच्या बाया कॅन डोक्यावर घेऊन खाली यायच्या आणि धक्का मारून गाडी वर काढायच्या. तोवर उशीर झालेला असायचा आणि दूध नासायचं. श्रावण लागला तेव्हा सेंटरच्या साहेबांनी ताराकाकूंना निरोप दिला की आणखी एकदा नासलं दूध आलं तर माळावरची वस्ती रूटमधून काढून टाकू. रूट म्हणजे गाडीचा ठरलेला फेरा. फेऱ्यातून वस्ती गेली की तिथल्या गाई विकायलाच काढाव्या लागणार. वस्तीवर सगळ्यांत जास्त गाई कौसाबाईंच्या. त्या मला म्हणाल्या होत्या, "पोरी, गाडी बघून घे. आमी वरच राहनार हाय, चढ काय खाली येनार न्हाई."

म्हणून नगरच्या एजंटाने त्या दिवशी दोन जुन्या जीप आणल्या होत्या. पांढरीचा रंग नवा, बाकांना मऊ गाद्या, पुढे टेप. तिची फक्त मागची चाकं ओढायची. दुसरी हिरवी, कुठल्यातरी लिलावातली, पत्रा ठोकून ठोकून सरळ केलेला. ती फोर व्हील होती. म्हणजे गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो, तो ओढला की पुढचीही चाकं ओढायला लागतात. हिरवीचं स्टिअरिंग जड, आवाज गिरणीसारखा आणि डिझेल जास्त पिणारी. मी आणि मेकॅनिक सोडून तिच्याकडे कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं.

भाऊजींनी नारळ फोडायला दगड शोधला. मी स्टिअरिंग धरून बसले होते. खाली उतरले असते तर गप्पच राहिले असते, हे मला माहीत होतं. म्हणून बसल्या जागेवरूनच म्हणाले, "सगळ्यांनी खाली उतरा."

भाऊजींना वाटलं मला गाडी बाजूला लावायची आहे.

"न्हाई," मी म्हणाले. "रिकामी चढवून बघायची हाय. सकाळी माझ्यासंगं कोन येतं?"

पायरीवरचा एकजण हसला. "वैनी, मानसं घेऊन चढली, मंग रिकामी चढंना व्हय?"

हिशोब तसाच वाटतो खरा. पण जीपचं इंजिन पुढे असतं, म्हणजे गाडीचं वजन पुढे. ओढायचं काम मागच्या चाकांचं. मागे माणसं बसली की ती चाकं जमिनीत दाबली जातात आणि माती धरतात. माणसं उतरली की मागचा भाग हलका होतो, आणि ओल्या मातीत हलकं चाक नुसतं फिरतं. जुन्या जीपवर मी हे रोज भोगत होते. पण इतकं सगळं मला तेव्हा सांगता आलं नाही. मी स्टिअरिंग सोडलं नाही. शेवटी ताराकाकू म्हणाल्या, "उतरा रे. तिला चालवायची हाय, तुमाला न्हाई."

उतरले. रिकामे कॅन मागे टाकले आणि मी पांढरी चढाला लावली. मुरूम संपेपर्यंत ती झकास गेली. रात्रीच्या पावसाने चिकणमातीचा पट्टा ओलाच होता; तिथे मागून सूं आवाज आला, गाडी थांबली आणि तिरकी होऊन कडेच्या बाभळीकडे सरकायला लागली. मी ब्रेक धरून हळूहळू मागे घेतली. खाली आले तर एजंटाचं तोंड उतरलेलं.

तरी भाऊजी लगेच मानणारे नव्हते. मागे दगडांची पोती टाकून ठेवू, असं त्यांनी सुचवलं. तोडगा वाईट नव्हता. वाळूची पोती टाकून चालवणारे मीही पाहिले होते. पण ताराकाकूंनी विचारलं की पोती मागे ठेवली तर कॅन काय मांडीवर घ्यायचे का, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

मग कॅन हिरवीत टाकले. पांढरी नको म्हणणारी मीच, आता ही चढली नाही तर गावात वर्षभर माझंच नाव निघालं असतं. मी छोटा दांडा ओढला आणि निघाले. पट्ट्यावर गेले आणि तोच सूं आवाज. मागची चाकं फिरत होती, पुढची नुसती उभी. खाली हसण्याचा फवारा उडाला. एकजण ओरडून म्हणाला, "वैनी, हिला बैल जुपा."

मी आरशात बघितलं. गर्दीच्या मागे आमचे मेकॅनिक शफीकभाई उभे होते. ते हसत नव्हते. त्यांनी हात वर केला आणि बरणीचं झाकण फिरवावं तसा मनगटातून फिरवला.

मला एकदम आठवलं. सकाळी हिरवी तपासताना त्यांनीच दाखवलं होतं. हिच्या पुढच्या चाकांच्या मधोमध वाटीएवढी टोपी असते, तिला हब म्हणतात. डांबरीवर पुढची यंत्रं उगाच फिरू नयेत म्हणून ती सैल ठेवलेली असते. दोन्ही बाजूंची टोपी हाताने फिरवून घट्ट केल्याशिवाय आतला दांडा कितीही ओढा, पुढची चाकं ओढत नाहीत. मी हँडब्रेक ओढून खाली उतरले. लुगडं चिखलात गेलं ते गेलंच. दोन्ही टोप्या फिरवल्या, परत वर बसले, पहिला गिअर टाकला आणि हळूच क्लच सोडला.

गाडीचं नाक जरा वर उचलल्यासारखं झालं. पुढच्या चाकांनी माती धरली, काचेवर चिखल उडाला आणि हिरवी गुरगुरत, कुठे न थांबता, एका दमात पट्टा ओलांडून गेली. मागे कॅन खडखडत होते. त्या दिवशी इतका गोड आवाज मी दुसरा ऐकला नाही.

वर कौसाबाई आणि वस्तीवरच्या बाया उभ्या होत्या. कौसाबाईंनी पदराने काचेवरचा चिखल पुसला आणि मला उतरू न देता आधी पाणी पाजलं. मागून भाऊजी नारळ घेऊन धापा टाकत चालत आले. मला वाटलं रागावले असतील. त्यांनी नारळ कौसाबाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमीच फोडा. आमी मगाशी चुकीच्या गाडीवर फोडनार हुतो."

त्यानंतर आठवडाभर झड लागली. मी रोज चढाच्या पायथ्याशी उतरायची, दोन्ही टोप्या फिरवायची, वर जायची. पलीकडे डांबरी लागली की परत उतरून सैल करायची, कारण फोर व्हीलवर डांबरीला पळवली तर टायर झिजतात आणि यंत्रं तापतात. गाडीत बोलावं लागत नाही म्हणून घेतलेल्या नोकरीत उतर-चढ मात्र भरपूर करावी लागली. एका सकाळी सेंटरचे साहेब छत्री धरून दारातच उभे होते. इतक्या पावसात माळावरची गाडी येणार नाही असं त्यांनी धरलेलं. मी कॅन उतरवले. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, दूध बघितलं आणि आतल्या माणसाला सांगितलं, "माळावरची वस्ती चालू ठेवा." मी मान हलवली आणि रिकामे कॅन मोजून घेतले.

हिरवीने डिझेल जास्त प्यायलं, हे खरं. भाऊजी ते दर मीटिंगला काढायचे. पण मी चालवत होते तोवर वस्ती फेऱ्यातून एकदाही सुटली नाही, आणि तिथल्या गाई कमी होण्याऐवजी वाढत गेल्या. पुढे आणखी एका गावच्या संस्थेला गाडी घ्यायची होती तेव्हा त्यांनी मला ट्रायलला बोलावलं. ती वाट सपाट होती, डांबराची. मी त्यांना मागच्या चाकांची घ्यायला सांगितली. त्यांना नवल वाटलं. त्यांना वाटत होतं मी फोर व्हीलच सांगणार.

घोडेगावच्या बाजारात हेच लोक बैल घेताना त्याला आपल्या कामाला लावून बघतात. मग गाडी घेतानाच सगळे वर चढून का बसतात, ते मला अजून कळलेलं नाही. गाडी घ्यायची असेल तर आपली वाट बघावी, त्या वाटेवर गाडी भरलेली असते की रिकामी ते बघावं, आणि ट्रायलच्या वेळी बघ्यांना खाली उभं करावं.