कॅसिनोतली पंगत

सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि दोन महिन्यांतच परत जायचं म्हणत होत्या. कारण विचारलं की म्हणायच्या, तिकडे घर बंद आहे. अहो, घर बंद करूनच आला होतात की! अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या आमच्या टाउनहाउसमध्ये मी त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नव्हते. त्या ओट्याशी आल्या की "आई, तुम्ही बसा, आराम करा" म्हणत मी त्यांच्या हातातला डाव काढून घ्यायचे. जन्मभर राबल्या, आता सुनेच्या हातचं आयतं खावं, एवढाच माझा हेतू. आणि तरी या निघाल्या! मला मनापासून लागलं होतं, आणि लागलं की मला राग येतो.

नवऱ्याने तोडगा काढला तो लास वेगासचा. २००५चा मेमोरियल डेचा लाँग वीकएंड होता. ऑफिसातल्या कुणीतरी हॉटेलची कुपनं दिली, त्यात नाश्ता फुकट. आईला जरा झगमगाट दाखवू, म्हणजे ती परतीच्या तिकिटाचं विसरेल, असं याचं गणित. एकही संकष्टी न चुकवणाऱ्या बाईला जुगाराच्या अड्ड्यावर न्यायचं! पण माझ्याकडे तरी दुसरा कुठे उपाय होता? मी बॅगा भरल्या.

सकाळी आठ वाजता आम्ही नाश्त्याला निघालो. आमचं हॉटेल कॅसिनोतच होतं, आणि कॅसिनोत कुठेही जायचं तर वाट जुगाराच्या मशिनांमधूनच जाते. सासूबाई सुती साडीत, वर माझा स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज. त्या वेळीही मशिनांपुढे बटणं दाबत माणसं बसली होती. यांच्या अंघोळी झाल्यात का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, आई, यांची अजून कालची रात्रच संपली नाहीये. त्यांनी फक्त पदर नाकाला लावला.

बुफेचा हॉल मंगल कार्यालयाएवढा होता. सासूबाईंनी आधी एक फेरी मारून पाहणी केली. पॅनकेक म्हणजे धिरडी आणि हॅश ब्राउन्स म्हणजे बटाट्याचा कीस, असा निकाल दिला. किसाचा चमचा कुणी बेकनच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या, ट्रेत घालत नाही ना, यावर पाच मिनिटं पहारा ठेवला. मग विचारलं, इथे वाढतं कोण? कुणी नाही, आपलं आपण घ्यायचं, मी सांगितलं. एवढं रांधलंय आणि वाढायला माणूस नाही, असं पुटपुटत त्या तिथेच उभ्या राहिल्या.

नवरा कॉफी आणायला गेला, मी टेबल धरायला. वळून बघते तर काय, सासूबाई काउंटरच्या पलीकडच्या बाजूला, पदर खोचलेला, हातात चिमटा! झालं होतं असं, की एका अमेरिकन आजोबांचा हात थरथरत होता आणि त्यांच्या चिमट्यात धिरडं काही येईना. यांनी चिमटा घेतला आणि वाढलं. इथवर ठीक होतं. आजोबा थँक यू म्हणाले, तर यांनी दुसरं वाढलं. ते नो नो म्हणाले. पण आमच्याकडे पहिलं 'नको' कुणी खरं धरतं का? तिसरं पडलं, वर बटाट्याचा कीस. मागच्या बाईला वाटलं, या इथल्याच. तिने प्लेट पुढे केली, मग तिच्या मागच्याने. मी पोचेपर्यंत सात-आठ जणांची पंगत सुरू होती आणि सासूबाई शुद्ध मराठीत आग्रह करत होत्या. घ्या हो, एवढ्याने काय होतंय! लोक हसत होते आणि घेतही होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, सोडा ते, चला बसा," म्हणत मी सवयीने चिमटा काढून घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात तिथला मॅनेजर आला. बिचारा अगदी नम्रपणे ग्लोव्हज आणि नियम असलं काहीबाही सांगू लागला. मी सॉरी सॉरी करत राहिले. सासूबाईंनी चिमटा ठेवला, पदर सोडला आणि टेबलाशी येऊन बसल्या.

जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातून कुणाच्या पानात काही पडलं गं."

मी ज्याला सेवा समजत होते, त्या सेवेने या बाईला घरच्या घरी पाहुणी करून ठेवलं होतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. तेवढ्यात ते आजोबा आमच्या टेबलापाशी थांबले आणि चाटूनपुसून साफ केलेली प्लेट सासूबाईंना दाखवून गेले.

घरी परतल्यावर मंगळवारी सकाळी मी ओट्याकडे फिरकलेच नाही. रिकामी ताटली घेऊन टेबलाशी बसले आणि म्हटलं, आई, भूक लागलीय. त्या उठून ओट्याशी गेल्या. मग पदर खोचला, पीठ कालवलं. मी दोन धिरडी खाल्ली, पुरे म्हटलं, तिसरं पडलं. पुन्हा पुरे म्हटलं, तर त्यांनी तव्यावर चौथं घातलं. नवरा ऑफिसला निघाला होता. त्याने दारातून विचारलं, की एजंटला आज फोन करायचाय, तिकिटाचं काय सांगू?

"थांब रे," त्या धिरडं उलटत म्हणाल्या, "आधी हिचं पोट भरू दे."

माझं पोट भरायला त्यानंतर चार महिने लागले.