बिनआवाजाचा कॉम्प्युटर

टीव्हीला जोडायला पहिला कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून मी बीडच्या एका दुकानात गेलो होतो. तिथे साठीचे एक गृहस्थ प्रत्येक चालू मशीनला कान लावून पंख्याचा आवाज ऐकत होते.

"लेक वारली आमची," ते मला म्हणाले. "गायची ती. रेकॉर्डिंगमधी आवाज लई बारीक हाय. तिची आई अंथरुणाला खिळलीय, तिला ऐकवायचंय."

शेवटी त्यांनी बिनपंख्याचं मशीन निवडलं. दुकानदाराने त्यांनी आणलेली रेकॉर्डिंगची हार्डडिस्क जोडली, काढली, पुन्हा जोडली.

"काका, ही खराब झालीय. यातलं काही निघणार नाही."

त्यांनी डिस्क रुमालात गुंडाळली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"घरी सांगू नका कुणी," ते म्हणाले.

आमच्यातलं कुणीच त्यांना ओळखत नव्हतं.