बाळकुमच्या खड्ड्यातलं ताट

आज ठाण्यातल्या बाळकुमला जे पाहिलं, ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय.

ओळखीच्या एका काकांच्या जुन्या शेतात त्यांच्या नव्या घराचा पाया खणताना माणसाचा सांगाडा निघाला. उशाशी मातीचं भांडं, त्यात बकऱ्याच्या पायाची हाडं. उत्खननात काम केलेला माझा मित्र सुनील सोबत होता.

"फार फार जुनं दफन आहे," तो म्हणाला. "मेलेल्याला भूक लागू नये म्हणून मटण ठेवलंय. सुरीच्या खुणा बघ."

त्याने सरकारी खात्याला कळवायचं म्हटलं, तसे काकांनी हातच जोडले. "नको रे बाबा! काम थांबलं तर आमचं घर अडकलं."

काँक्रीटची गाडी फाटकात आली होती. सुनीलने घाईने भांडं उचललं.

काकू ओरडल्या, "अरे, पितरांना वाढलेलं पान कोणी उचलतं का? ठेव परत!"

"काकू, चुरा होईल. हे तरी वाचू दे."

"ते वाचलं. तो उपाशी राहिला, त्याचं काय? त्याच्या डोक्यावर राहायचंय मला!"

सुनील भांडं घेऊन बाजूला झाला. आमच्यासमोर सांगाड्यासकट खड्डा भरला.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. नव्या घरात रोज एक ताट जास्त वाढायचं, असं त्यांनी घरात सांगून टाकलंय. "तो मागायला वर येण्याआधी," म्हणाल्या.

मला हसू आलं नाही. तुम्हाला आलं असतं?