मंचुरियन आणि तिसरी हाक

पंचफुलाबाईनं पहिल्या हाकेला ओ दिलेली गावात कुणी ऐकली नव्हती. दारात भावकी उभी राहो, नाहीतर खुद्द सरपंच, बाई तिसऱ्या हाकेची वाट बघायची. लोक म्हणायचे, म्हातारी बहिरी झाली. कसली बहिरी! कळपातली कोणती मेंढी खोकली, हे तिला घरात बसून कळायचं.

वीस वर्षांपूर्वी सिद्धेश्वरच्या धरणकाठी त्यांच्या मेंढरांचा तळ पडला होता. भर दुपारी बाई पालात गोधडी शिवत बसलेली, दोरा दातात धरलेला. तेवढ्यात पाण्याकडून तिच्याच आवाजात हाक आली, "अवो, इकडं या." लिंबाखाली आडवा झालेला तिचा नवरा मुंजाजी "आलो" म्हणत उठला आणि चालू लागला. बाईची सुई थांबली. आपण इथं, मग तिकडं कोण? तसली हाक तिसऱ्यांदा येत नाही, आणि ओ दिली की जावंच लागतं, हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. ओरडून त्याला थांबवायला हवं होतं. भीतीनं तिचं तोंडच उघडलं नाही. मुंजाजी संध्याकाळी सापडला, गुडघाभर पाण्यात. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि स्वतःला कधी माफही केलं नाही.

यंदा सून राधिकेला पाचवा महिना लागला आणि डोहाळे लागले ते मंचुरियनचे. चिंच नाही, बोरं नाही, मंचुरियन! पण पोटुशीची इच्छा मारायची कशी? बाजाराच्या दिवशी बाई सुनेला जीपमध्ये घालून सेनगावला घेऊन आली.

वसरामचं चायनीज सेंटर म्हणजे पत्र्याची शेड आणि चार लाल खुर्च्या. भिंतीवर ड्रॅगन होता. पेंटरनं तो घोरपड समोर ठेवूनच काढला असावा. मागं मळका पडदा, पडद्यापलीकडं हात धुवायची जागा आणि बिनकठड्याची जुनी विहीर. दुपारचे बारा वाजले होते. बाहेर बाजार फुललेला, आत मात्र या दोघीच.

"मावशी, प्लेट घेऊन जा!" वसरामनं हाक मारली. बाई ढिम्म. त्यानं पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा कढईवर झारा आपटून ओरडला, तेव्हा ती उठली.

राधिकेला हसू आवरेना. "आत्या, इथं बी?"

"इथं बी. अन् तू बी तसंच करत जाय."

"काहून?"

बाईनं एक गोळा उचलून तोंडात टाकला. जीभ अशी पोळली की गिळवेना न् थुंकवेना. राधिका पाणी आणायला गल्ल्याकडं धावली.

भट्टीचा पंखा एकदम बंद पडला. पडद्यामागून हाक आली, "राधिका, ये माय इकडं."

आवाज पंचफुलाबाईचा होता. बाईच्या तोंडात गोळा तसाच होता. गल्ल्याकडं तोंड करून उभी असलेली राधिका वळली, पडद्याकडं निघाली, ओ द्यायला तिनं तोंड उघडलं. बाईनं गोळा थुंकला आणि शेड हादरेल अशी आरोळी ठोकली, "ओऽऽ! मी येते!"

राधिका जागीच थबकली. "आत्या, तुमीच बोलावलं अन् तुमीच ओ देऊन राहिल्या?"

"व्हय. बस इथं. फुंकून खाय."

पंखा पुन्हा घुमू लागला. राधिकेनं प्लेट चाटूनपुसून साफ केली. बाई ते डोळे भरून बघत राहिली. या वेळी तोंड उघडलं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

मग तिनं सुनेच्या तोंडावरून हात फिरवला. "हात धुऊन येते. माझ्या मागं येऊ नको. माझ्या आवाजात कुणी बोलावलं तरी तिसऱ्या हाकेला ओ दे, त्याआधी न्हाई. पोटातल्याची आन हाय तुला."

पडदा सारून ती आत गेली.

थोड्या वेळानं पलीकडून बाईचा आवाज आला, "राधिका." राधिकेनं ओठ घट्ट मिटून घेतले. "राधिका, ये ना माय." ती पोटावर हात ठेवून तिसऱ्या हाकेची वाट बघत बसली. वसरामनं भट्टी विझवली, बाजार उठला, शेवटची जीप निघून गेली. तिसरी हाक काही आली नाही.