तिसऱ्या दशांशापाशी अडलेली वनिता

“ताई गेली जी...” एवढंच बोलून वनिताच्या भावानं फोन ठेवला. ती शिकवायची त्या शाळेतून घरी येताना रस्त्यातच कोसळली, ती उठलीच नाही. गोंदियाच्या एका कॉलेजात आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत पीएचडी करत होतो. ती केशोरीची, धानाची शेती करणाऱ्या घरातली. तिचा विषय आयनी द्रव, म्हणजे साध्या तापमानालाही द्रवच राहणारे क्षार. त्यात मिथेनॉल मिसळलं की दोघांचं मिळून आकारमान बेरजेपेक्षा कमी भरतं. नेमकं किती कमी, ते ती घनता मोजून काढायची.

तिचा शोधनिबंध छापायला मंजूर झाला आणि त्याच पावसाळ्यात तिला शंका आली. हे द्रव हवेतली ओल ओढून घेतात. तिनं बाटलीतला द्रव निर्वात भट्टीत वाळवून पुन्हा मोजला... घनता वेगळी आली. म्हणजे आधीच्या सगळ्याच आकड्यांत पाणी होतं! निबंध मागे घ्यायचा, असं ती म्हणताच आमचे गाइड सर भडकले. “तिसऱ्या दशांशात फरक आहे. इतना कौन देखता है?”

“मी पाहून राहिली ना, सर.”

“निबंध मागे घेतला तर पदवी लांबेल. इथली प्राध्यापकाची जागा दुसऱ्याला जाईल. कायले स्वतःचं नुकसान करतेस?”

“तुम्हीच एकदा मोजून पाहा,” ती म्हणाली.

सर खरंच यंत्रापुढे बसले. तापमान स्थिर होत आलं आणि लाइन गेली. घामाघूम होऊन आम्ही तसेच उभे राहिलो. कुणी बाहेर जाईना. वनिता हात बांधून भिंतीपाशी उभी, चेहऱ्यावर रेषही हलली नाही. लाइन आली, पुन्हा सगळं पहिल्यापासून... आकडा तिचाच आला. सरांनी चष्मा पुसला आणि निबंध मागे घेत असल्याची मेल स्वतः लिहिली.

ती जागा दुसऱ्याला गेली. पदवी मिळाली, पण फार उशिरा. तोवर वनिता अर्जुनीकडच्या एका शाळेत शिकवू लागली होती. मी चिडायचे, ती नाही. हिला भीती कशी ती माहीतच नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे.

परवा केशोरीला गेले. तिच्या खोलीत खुंटीवर प्रयोगशाळेतला पांढरा कोट होता. शाळेत तो ती घालत नसे, पण टाकलाही नव्हता. आईनं खिशात हात घालून एक पेन्सिल काढली, टोकापासून पार शिशापर्यंत चावलेली. “लहानपणापासून तसंच, बाई,” आई म्हणाली, “भेव वाटलं का पेन्सिल चावे.”