दाराला माझाच अंगठा

१२ मे. सकाळी पॅनल धुवायचे होते. गावाच्या सोलरचे पॅनल आळीआळीनं धुतले जातात, आणि त्या दिवशी आमच्या आळीचा नंबर होता. ऊन चढायच्या आत उरकावं लागतं, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते. मी लांब दांड्याचा ब्रश घेऊन पुढे, जाऊबाई पाइप धरून मागे.

आमचं गाव भीमेच्या शिरूरकडच्या काठाला. पडीक गायरानावर गावानं घरटी हिस्सा काढून सोलर घातलं. त्याच्या कडेला कंटेनरएवढी एक खोली आहे. तिच्यात पुण्याच्या एका कंपनीची मशीन रात्रंदिवस चालतात. लोकांचे फोटो, दवाखान्यांचे रिपोर्ट, दुकानांचे हिशेब त्यांत साठवलेले असतात म्हणे. कंपनी आमची वीज घेते, जागेचं भाडं देते, आणि उरलेल्या विजेवर गावाच्या पाण्याच्या मोटारी दिवसा चालतात. व्यवहार चांगला आहे. ठरावाला मी हात वर केला होता, आजही करीन.

अडचण दाराची. ते अंगठा लावल्यावरच उघडतं. सुरुवातीला पाच जणांचे अंगठे नोंदवले. त्यातल्या तिघांचे यंत्राला दिसेनातच. कांदा काटून, उसाचं पाचट ओढून, सिमेंट कालवून त्यांच्या रेषाच पुसल्या गेल्या होत्या. चौथे शाळेचे गुरुजी, त्यांची बदली झाली. राहिले मी. मी ब्लाउज शिवते. कापडानं अंगठा झिजत नाही. नवे अंगठे नोंदवायला कंपनीचाच माणूस लागतो; त्यासाठी मी किती तक्रारी केल्या, पण तो काही आला नव्हता.

आत एसी आहे. विजेला झटका बसला की तो बंद पडतो, आणि आत जाऊन हातानं चालू करावा लागतो. पाऊण तासात केला नाही तर मशीन तापून बंद होतात. असं तीनदा झालं तर कंपनी करार मोडू शकते, आणि दोनदा होऊन गेलं होतं. त्यामुळे मी गाव सोडायचं बंद केलं. भाचीच्या लग्नात फक्त अक्षता टाकून परत फिरले. अस्तराचं कापड आणायला नवऱ्याला पाठवत होते, तो दर वेळी वेगळाच रंग आणायचा. शेजारचे आबा ओट्यावरून हसायचे, "शिकली-सवरली आन् शेवटी अंगठ्यावर आली."

मुलगी वरवंडला दिलेली. तिचं सिझर झालं. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही तिला माहेरी आणता आलं नाही. तिला सासू नाही. घरात सासरे आणि नवरा, दोघांचीही मजल चहापर्यंत. नणंद होती, ती आदल्या दिवशी तिच्या घरी गेली.

पॅनल धुता धुताच मुलीचा फोन आला.

"आई, बाळाला अंघोळ कुणी घालायची?"

"मी येते."

"राहायला?"

"येते तर खरं," म्हणाले आणि ब्रश जाऊबाईंच्या हातात दिला.

नवऱ्यानं मोटारसायकलवरून नेलं आणि तो अंगणातच थांबला. मोरीत भांड्यांचा ढीग होता. लाइट गेलेली, मुलगी पुठ्ठ्यानं बाळाला वारा घालत बसलेली. मी पाणी तापवलं, पाय लांब करून पाटावर बसले, बाळाला पायांवर घेतलं, तेल चोळलं. डोक्याला साबण लावला तोच फोन वाजला. गावाच्या सोलरचा कारभार बघणारे आप्पा होते.

"वहिनी, एसी बसला. निघा."

मी घाईनं दोन तांबे ओतले. मुलीनं पंचा पुढे केला. टाके असल्यामुळे तिला वाकता येत नव्हतं. मीच उठून ओलं बाळ तिच्या हातात दिलं.

"जा," ती म्हणाली. "तुझं ते पोरगं तिकडं तापलं असंल."

मी ओले हात पदराला पुसत बाहेर पडले.

वेळेत पोचले. आत भट्टी झाली होती, पण मशीन चालू होती. एसी सुरू केला आणि तिथूनच कंपनीत फोन लावला.

"मॅडम, तक्रार पुढे पाठवलीय. सोमवारी आमचा माणूस नक्की येईल."

"कुठल्या सोमवारी?"

"ते वरून ठरतं, मॅडम."

संध्याकाळी आप्पांच्या घरी गेले.

"आप्पा, मी उद्या वरवंडला राहायला चाललेय."

"आन् दार?"

"तुम्ही बघा."

"माझा अंगठा घेतंय व्हय ते? मला तर खुंटाच समजतंय." मग हसू आवरून म्हणाले, "वहिनी, थोडा दम धरा. करार गेला तर गाव मला काय म्हणंल?"

"आणि माझी लेक मला काय म्हणंल?"

त्यांनी आत बघून चहा टाकायला सांगितलं. ते वाईट नव्हते, कुणीच वाईट नव्हतं. त्यामुळेच भांडायलाही कुणी सापडत नव्हतं. पाऊण तासात परत येता येईल तेवढीच जागा मला मोकळी होती, आणि वरवंड तिच्या अगदी काठावर पडत होतं. मी चहा न घेता घरी आले, चार साड्या पिशवीत भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातली अर्धी वीट उचलून गायरानात गेले. अंगठा लावला, दार उघडलं, फटीत वीट घातली. लगेच भोंगा केकाटायला लागला. आप्पा धावत आले. त्यांना आत नेलं, एसीचं बटण दाखवलं, त्यांच्याच हातानं एकदा बंद करून चालू करून घेतलं.

"हे केकाटणं थांबायचं कवा?"

"दार लागलं की. पण लावू नका."

बाहेर सावलीला त्यांना खुर्ची टाकून दिली. दार उघडं ठेवण्याबद्दल करारात काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. कंपनीला फोन करून सांगितलं की दार उघडं आहे, गावचा माणूस राखणीला आहे, दुसऱ्या कुणाच्या हातानं उघडायची सोय होईपर्यंत ते उघडंच राहील.

"मॅडम, असं नाही करता येत."

"केलंय," मी म्हणाले.

मग पिशवी घेऊन मोटारसायकलवर बसले, आणि वरवंडला पोचल्यावर आधी पाणी तापत ठेवलं.