आधी हसरा, नंतर रडका

मंडळी, मला खरंच काही कळत नाहीये.

आम्ही कॉलेजच्या मुली दर रविवारी परळच्या एका चाळीत बायकांसाठी कबड्डी घेतो. खेळाआधी आणि नंतर मूड कसा आहे, ते फॉर्मवरच्या चेहऱ्यांवर टिक करून सांगायचं.

आज सुरेखाकाकूंनी साडी खोचून एका चढाईत आमच्या तिघींना बाद केलं. अख्खी चाळ गॅलरीत येऊन ओरडत होती. आणि फॉर्मवर? आधी हसरा चेहरा, नंतर रडका.

म्हटलं, "काकू, उलटं टिक केलंत."

"नाही गं, बरोबर आहे. लग्नाआधी रोज खेळायचे. विसरले होते, तेच बरं होतं."

उद्या मॅडमना रिपोर्ट द्यायचाय. आम्ही काकूंचं भलं केलं की वाईट?

कारण जाताना त्यांनीच विचारलं, "पुढच्या रविवारी जरा लवकर याल का?"